बिऱ्हाड पाठीवर, लेकरं सोबत: दीर्घ प्रवासातल्या कुटुंबांचा प्रश्न कुठवर आला आहे?

महिन्याभराची सुट्टी वेगळी आणि शाळेतून मुलांची नावं काढून, घर भाड्यानं देऊन, वर्ष-दोन वर्षं फिरतीवर काढणं वेगळं. अशा कुटुंबांविषयी आपल्याकडे दोन सूर हमखास ऐकू येतात. ‘मुलांना जग दाखवताहेत, नशीबवान पोरं’ हा एक आणि ‘पोरांची परवड चालवली आहे’ हा दुसरा. या दोन्हींत त्या मुलांचा रोजचा दिवस कुठेच नसतो. ती कुठे झोपतात, काय खातात, गणित कधी करतात, रुसली तर कुणाकडे जातात, हे कुणी विचारत नाही. प्रश्नाचं खरं वजन मात्र तिथंच आहे. म्हणून या आढाव्यात आधी पार्श्वभूमी, मग रोजचं जगणं, त्यानंतर शिक्षण, सोबत, आरोग्य आणि पैसा या मुद्द्यांवरच्या भूमिका आणि शेवटी अजून न सुटलेले प्रश्न, अशा क्रमानं जाऊ.

पार्श्वभूमी

घरापासून लांब राहणाऱ्या मुलांना शिकवण्याची सोय शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेनं 1906 पासून टपालानं धडे पाठवायला सुरुवात केली. मिशनरी, मुत्सद्दी आणि पुढे शिडाच्या बोटींवर राहणारी कुटुंबं यांना त्याचा मोठा आधार झाला. ऑस्ट्रेलियात 1951 मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून रेडिओवर शाळा भरू लागली, ती दूरदूरच्या पशुपालक वस्त्यांवरच्या मुलांसाठी.

विचारांची बाजू 1970च्या दशकात उभी राहिली. इव्हान इलिच यांचं शाळाविहीन समाजाची कल्पना मांडणारं पुस्तक 1971 मध्ये आलं. शिक्षक असलेले जॉन होल्ट शाळा सुधारण्याची आशा सोडून घरी शिकण्याच्या बाजूनं उभे राहिले आणि 1977 मध्ये त्यांनी त्यासाठी नियतकालिक सुरू केलं. याच काळात काही कुटुंबं घरदार विकून समुद्रावर निघाली. ब्रिटनचं रॉबर्टसन कुटुंब 1971 मध्ये निघालं. पुढच्या वर्षी गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेलच्या धडकेनं त्यांची बोट बुडाली. मुलांसह ते 38 दिवस समुद्रात तरंगत राहिले आणि एका जपानी मासेमारी बोटीनं त्यांना वाचवलं. त्या अनुभवावरचं पुस्तक जगभर वाचलं गेलं आणि ‘मुलांना अशा वाटेवर न्यावं का’ हा वाद तेव्हापासून चालू आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत इंटरनेटनं चित्र बदललं. आईवडिलांचं काम लॅपटॉपवर आलं आणि कोरोनाच्या काळात शाळाही पडद्यावर आली. एस्टोनियानं 2020 मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला. क्रोएशिया, मलेशिया, स्पेन, थायलंड त्याच वाटेनं गेले. प्रवासातूनच मुलांना शिकवण्याच्या या रीतीला आता ‘वर्ल्डस्कूलिंग’ म्हणतात. समाजशास्त्रज्ञ जेनी जर्मन मोल्झ यांनी अशा कुटुंबांवर 2021 मध्ये अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं.

रोजचं जगणं

अशा घरात दोन प्रकारचे दिवस असतात, प्रवासाचे आणि मुक्कामाचे. प्रवासाच्या दिवशी पहाटे झोपेतलं मूल उचलून बसमध्ये ठेवायचं. बदलायचे कपडे, ओआरएसची पाकिटं, खाकरे, भडंग हाताशी येतील असे पिशवीत वर. त्या दिवशी अभ्यास नाही आणि शिस्तीची अपेक्षाही नाही.

मुक्कामाचा दिवस बराचसा घरच्यासारखाच जातो. चियांग मायमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाचं उदाहरण घेऊ. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. पुण्याचं ऑफिस दहाला उघडतं तेव्हा इथे साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे सकाळ मुलांची असते. मंडईतून भाजी आणायची, वह्या-पुस्तकं घेऊन दोन तास बसायचं, मग कुकर लावायचा. वरणभात, मेतकूट, वर लिंबू. दुपारी आईवडिलांपैकी एक जण कामाला बसतो आणि दुसरा मुलांना घेऊन बाहेर पडतो, कारण खोली एकच आणि मीटिंगमध्ये आवाज चालत नाही. संध्याकाळी धुणं, आजीला व्हिडिओ कॉल, पुढच्या मुक्कामाचं बुकिंग.

अनुभवी कुटुंबांचं एका बाबतीत बरंच एकमत दिसतं: वेग कमी ठेवायचा. दोन-तीन दिवसांनी गाव बदललं की मुलं चिडचिडी होतात, झोप मोडते, आईवडील थकतात. महिना-दोन महिने एका जागी राहिलं की दुकानदार ओळखू लागतो, शेजारचं मूल खेळायला येतं आणि दिवसाला आकार येतो. झोपायची वेळ, रात्रीची गोष्ट, एक ठरलेलं पांघरूण अशा बारीकसारीक गोष्टी गावोगाव तशाच ठेवल्या तर लहान मुलं नव्या जागेत लवकर रुळतात.

दीर्घ प्रवासाचं सगळ्यात टोकाचं उदाहरण अर्जेंटिनाच्या झाप कुटुंबाचं. हर्मन आणि कांदेलारिया झाप जानेवारी 2000 मध्ये 1928 सालच्या ग्रॅहम-पेज मोटारीतून ब्वेनोस आयरेसहून निघाले. जायचं होतं अलास्काला. परतले मार्च 2022 मध्ये, 102 देश आणि सुमारे 3,62,000 किलोमीटर करून. वाटेत चार देशांत त्यांना चार मुलं झाली. कुटुंब वाढलं तशी गाडी मधोमध कापून 40 सेंटिमीटरनं लांबवली. इंजिनाच्या उष्णतेवर अन्न शिजवलं. मुक्काम बहुतेक अनोळखी लोकांच्या घरी, स्वतः लिहिलेलं पुस्तक विकून पैसे, आणि मुलांचा अभ्यास आईकडून व दूरशिक्षणातून. नव्या माणसांत मिसळायला आपली मुलं शिकली, असं हे आईवडील सांगतात.

या जगण्याची दुसरी बाजू कामाच्या वाटणीची आहे. शाळा, पाळणाघर, आजी-आजोबा, कामवाल्या मावशी यांनी मिळून पेललेलं काम प्रवासात दोनच माणसांवर येतं. दोघांपैकी एकाचीच नोकरी चालू असेल, तर स्वयंपाक, धुणं आणि शिकवणं दुसऱ्याच्या, बहुधा आईच्या वाट्याला जातं. वाटणी आधी बोलून ठरवली नाही, तर वर्षाच्या मध्यात हाच विषय भांडणाचा होतो.

शिक्षण: तीन भूमिका

पहिली भूमिका सांगते की जग हीच शाळा. बाजारात चलन बदलताना अपूर्णांक कळतो, बोटीवर भरती-ओहोटी कळते आणि हंपीच्या दगडांतून इतिहास कळतो. मुलाच्या कुतूहलाला वाट द्यावी, वेळापत्रक लादू नये. आपल्याकडचे पालक याला गांधीजींच्या नई तालीमचा आधार देतात. 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला गेला होता.

दुसरी भूमिका मधली आहे. अनुभव हवाच, पण वाचन, लेखन आणि गणित यांचा रोजचा रियाजही हवा, असं ती मानते. हे पालक रोज दीड-दोन तास ठरवून अभ्यास घेतात आणि मुलाला दूरशिक्षणात नोंदवतात. मराठी पालकांना इथे एक सोय आहे. बालभारतीची पुस्तकं आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. बोललेली मराठी घरात टिकते, पण देवनागरीचं वाचन सराव सुटला की मागे पडतं, म्हणून हा आधार महत्त्वाचा.

तिसरी भूमिका शाळेच्या बाजूची. शाळा फक्त धडे देत नाही. आपल्याहून वेगळ्या घरांतल्या मुलांबरोबर रोज बसणं, न आवडणारी गोष्टही पुरी करणं आणि आईवडिलांखेरीज कुणाच्या तरी नजरेखाली असणं, हेही तिथे मिळतं. त्रास सोसणारं मूल आधी शिक्षकांच्याच लक्षात येतं, हा या बाजूचा भक्कम मुद्दा आहे.

पुरावा काय सांगतो? रॉबर्ट कुन्झमन आणि मिल्टन गेथर यांनी घरी शिकण्यावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा 2013 मध्ये घेतला. त्यांच्या मते कुटुंबाची आर्थिक-शैक्षणिक पार्श्वभूमी बाजूला काढली तर एकूण गुणवत्तेवर घरशिक्षणाचा परिणाम फारसा उरत नाही. भाषेत ही मुलं थोडी पुढे आणि गणितात थोडी मागे दिसतात. हा अभ्यास मुख्यतः घरी राहून शिकणाऱ्या मुलांचा आहे, तोही बराचसा अमेरिकेतला. फिरत्या मुलांना तो जपूनच लावायला हवा. तरी गणिताकडे मुद्दाम लक्ष द्यावं, एवढा धडा त्यातून घेता येतो.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं 2006 मध्ये ती सक्ती मान्य केली. फ्रान्सनं 2022 पासून घरशिक्षणासाठी पूर्वपरवानगी आवश्यक केली. इंग्लंडमध्ये घरी शिकवायला मुभा आहे, पण शाळेच्या पटावर नाव असताना सत्राच्या मध्यात मुलीला सहलीला नेणाऱ्या वडिलांविरुद्ध 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. भारतात 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकलं, पण त्यासाठी दंडाची तरतूद केली नाही. घरशिक्षणाचा स्पष्ट उल्लेखही त्यात नाही. परतलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची वाट याच कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. दहावी-बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग खुला आहे. वाट आहे, पण शाळा बदलताना दाखला, हजेरी आणि वर्गोन्नतीचे कागद मागितले जातात आणि पालकांची दमछाक तिथे होते.

सोबत आणि मन

सततच्या स्थलांतरात वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी 1950च्या दशकात सुरू केला, भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांना पाहून. डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकेन यांनी 1999 मध्ये तो विषय पुस्तकातून पुढे नेला. या मुलांना भाषा लवकर येतात, परक्यांची भीती वाटत नाही आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहता येतं, असं ते नोंदवतात. त्याबरोबरच ‘तू कुठली?’ या प्रश्नाला सोपं उत्तर नसणं आणि पुन्हा पुन्हा निरोप घेतल्यानं मनात साचलेलं दुःख याकडेही ते लक्ष वेधतात.

डेन्मार्कमधल्या मुलांवरच्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, बालपणी वारंवार गाव बदललेल्या मुलांना पुढे मानसिक आणि सामाजिक अडचणींचा धोका जास्त दिसला. बारा ते चौदा वयातल्या स्थलांतराचा संबंध सर्वांत ठळक होता. हा अभ्यास घर बदलण्याचा आहे, प्रवासाचा नाही, आणि घर बदलण्यामागे घटस्फोट, नोकरी जाणं अशी कारणंही असतात. पण प्रवासी कुटुंबांच्या अनुभवाशी तो एका जागी जुळतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला आईवडील सोबत असले की बहुतेक पुरतं. तेराव्या वर्षी त्याला मित्र हवे असतात, तेच तेच, रोज भेटणारे.

यावर कुटुंबांनी काढलेला तोडगा म्हणजे बालीतलं उबुद किंवा चियांग माय अशा ठिकाणी अनेक कुटुंबांनी एकाच वेळी काही महिने मुक्काम करणं. मुलांना टोळी मिळते. टीकाकारांचं म्हणणं असं की ही टोळी एकाच आर्थिक थरातली असते आणि स्थानिक मुलांशी संबंध वरवरचा राहतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मोठेपणी मागे वळून लिहिणाऱ्यांत सुझॅन हेवूड यांचा आवाज सगळ्यात स्पष्ट. 1976 मध्ये त्या सात वर्षांच्या असताना वडिलांनी कॅप्टन कुकच्या मार्गानं जाण्यासाठी कुटुंबासह बोट हाकारली. तीन वर्षांचा बेत दशकभर लांबला. हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या डोक्याला गंभीर इजा झाली आणि ॲमस्टरडॅम बेटावर भूल न देता शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्या शाळेसाठी झुरत राहिल्या, बोटीवरचा स्वयंपाक आणि आवराआवर सांभाळून पत्रद्वारा शिकल्या आणि स्वतःच्या जिद्दीनं ऑक्सफर्डला पोचल्या. 2023 मधल्या त्यांच्या आत्मकथनातला मुख्य सल समुद्राचा नाही. परत जाऊया असं त्या म्हणत होत्या आणि ते कुणी ऐकत नव्हतं, हा तो सल आहे.

याच्या समोर क्युबेकच्या एका कुटुंबाची हकीकत ठेवावी लागते. चारपैकी तीन मुलांची दृष्टी डोळ्यांच्या आनुवंशिक आजारानं हळूहळू जाणार, हे कळल्यावर आईवडील 2022 मध्ये त्यांना घेऊन वर्षभर जग पाहायला निघाले. जे पाहता येईल ते आत्ताच पाहून घ्यावं, म्हणून. ‘ब्लिंक’ हा 2024 चा माहितीपट त्यांच्यावर आहे. तिथे मुदत ठरलेली होती आणि काय पाहायचं याची यादी करताना मुलांना विचारलं होतं.

आरोग्य आणि सुरक्षितता

धोक्याचा विषय निघाला की मलेरिया आणि साप आठवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 5 ते 29 वयोगटातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण रस्ते अपघात आहे. मुलांना स्कूटरवर मधे बसवून फिरवणं हा दीर्घ प्रवासातला नेहमीचा आणि टाळता येण्यासारखा धोका आहे. पाण्यात बुडणं हा दुसरा.

लसीकरणाचं वेळापत्रक फिरतीवर मोडतं. राष्ट्रीय वेळापत्रकातला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत येतो, डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच-सहा वर्षांवर. कार्डाची छायाप्रत फोनमध्ये असणं आणि पुढचे डोस कुठे घ्यायचे हे आधी ठरवणं एवढ्यानं बरंच साधतं. कुत्रा किंवा माकड चावलं तर रेबीजची लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी, म्हणून मोठं रुग्णालय किती तासांवर आहे हे मुक्काम ठरवतानाच पाहावं लागतं.

वाद पेटतो तो दुर्गम जागी. एप्रिल 2014 मध्ये मेक्सिकोपासून सुमारे 900 सागरी मैलांवर एका बोटीतलं एक वर्षाचं मूल आजारी पडलं. अमेरिकी बचाव पथकानं पॅराशूटनं उतरून आणि नौदलानं जहाज पाठवून कुटुंबाला सोडवलं. सरकारी खर्चानं सुटका करून घेणाऱ्या आईवडिलांना बेजबाबदार म्हणणारे पुष्कळ होते. मदत मागणं हाच जबाबदार निर्णय होता, असं म्हणणारेही होते. मुलासाठी किती धोका पत्करणं आईवडिलांच्या अधिकारात येतं, यावर आजही एकमत नाही.

पैसा, पासपोर्ट आणि आपल्याकडची फिरती मुलं

महागड्या शहरातलं घर भाड्यानं द्यायचं आणि स्वस्त गावात राहायचं, हे या जगण्याचं साधं अर्थशास्त्र. ते ज्यांच्याकडे घर आणि दूरस्थ नोकरी आहे त्यांनाच जमतं. भारतीय पासपोर्टची मर्यादा वेगळी. युरोपच्या शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त पर्यटक म्हणून राहता येत नाही, आणि तो व्हिसाही सहसा आपण कायदेशीर रहिवासी असलेल्या देशातूनच मागावा लागतो. त्यामुळे ‘वाटेत पुढचं ठरवू’ हे पाश्चात्त्य कुटुंबांना परवडतं, आपल्याला कमी. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच, हेही लक्षात ठेवावं लागतं. म्हणून आपली कुटुंबं बरेचदा देशातच किंवा नेपाळ, श्रीलंका, थायलंड, मलेशिया या पट्ट्यात फिरतात. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा गाडीतच राहून फिरण्याची आणखी एक वाट उघडली.

या प्रश्नाचा विचार आपल्या मातीतल्या फिरत्या मुलांना वगळून पुरा होत नाही. फलटण-माण भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. घोड्याच्या पाठीवर संसार, कोकरं आणि त्यांच्यामध्ये बसलेलं मूल. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे फडावर जातात आणि हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहतात. आई पहाटे फडात उतरते तेव्हा धाकट्याला थोरली बहीण सांभाळते आणि तिची शाळा सुटते. ऊसतोड कुटुंबांचं फिरणं निवडीचं नाही, उचल फेडण्यासाठी आहे. या मुलांसाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहं, शिक्षण हमी कार्ड असे उपाय झाले. साखरशाळा मुलाला आईबापांजवळ ठेवते, पण त्यामुळे स्थलांतराला मान्यता मिळते असा आक्षेप आहे. वसतिगृह मुलाला गावच्या शाळेत टिकवतं, पण घरापासून तोडतं. कार्डाची कल्पना सर्वांत सोपी: मूल जिथे जाईल तिथली शाळा त्याला बसवून घेईल. अंमलबजावणी मात्र शाळेच्या इच्छेवर अवलंबून राहिली.

लॅपटॉप घेऊन फिरणारं कुटुंब आणि कोयता घेऊन फिरणारं कुटुंब यांची बरोबरी होऊ शकत नाही. एकाकडे परतीचं तिकीट आहे, दुसऱ्याकडे कर्ज. पण दोघांच्या मुलांची सरकारकडे मागणी एकच निघते: शिकल्याची नोंद मुलाबरोबर फिरावी आणि परतल्यावर वर्गातली जागा कागदांवाचून अडू नये.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पुराव्याचा. प्रवासात वाढलेली मुलं तिशी-चाळिशीत कशी आहेत, याचा दीर्घकाळ चाललेला, नीट निवडलेल्या नमुन्यावरचा अभ्यास हवा आहे. सध्या हाती असलेलं साहित्य मुख्यतः आईवडिलांनी लिहिलेलं आहे आणि तेही प्रवास चालू असताना. दुसरा कायद्याचा: घरशिक्षण आणि फिरतं शिक्षण यांना आपल्याकडे स्पष्ट स्थान द्यायचं का, आणि दिलं तर मुलाच्या हितावर नजर कुणी ठेवायची? तिसरा न्यायाचा: स्वस्त गावात परक्या पैशानं राहण्याचा तिथल्या घरभाड्यावर काय परिणाम होतो, हे या कुटुंबांनी कितपत आपलं मानायचं?

चौथा प्रश्न घरातला, आणि माझ्या मते मुळाशी तोच आहे. प्रवास चांगला की वाईट, याचा निवाडा आजच्या पुराव्यावर होत नाही. पण झाप, हेवूड आणि क्युबेकच्या कुटुंबाच्या हकीकती शेजारी ठेवल्या की फरक कुठे पडतो ते दिसतं. किती देश पाहिले किंवा किती पैसा होता, यावर तो ठरत नाही. वेग मुलाला झेपेल एवढा होता का, त्याला सोबती मिळत होते का, आणि ‘आता घरी जाऊया’ असं ते म्हणालं तर त्या म्हणण्याला वजन होतं का, यावर तो ठरतो. पाच वर्षांच्या मुलाची संमती घेता येत नाही, हे खरंच. बारा वर्षांच्या मुलाला मात्र विचारता येतं, आणि विचारलंच पाहिजे. निघतानाच थांबून विचारण्याची तारीख ठरवावी, त्या दिवशी प्रत्येकाला आपलं मत मोकळेपणानं मांडू द्यावं, आणि उत्तर ‘परत जाऊया’ असं आलं तर त्यासाठी शाळेतली जागा आणि बँकेतले पैसे आधीच राखून ठेवलेले असावेत. संशोधन आणि कायदा येईपर्यंत एवढं तर आईवडिलांच्या हातात आहे.